मन वळवणारी भाषा यंत्राने ओळखायची : समाजमाध्यमांवरच्या मराठीसाठी कुठून सुरुवात करावी?

काथ्याकूट (धागाकर्ता)
समाजमाध्यमांवरच्या पोस्टमधली चिथावणारी, भीती घालणारी, गळ घालणारी भाषा आपोआप ओळखणारं साधन मराठीसाठी करायचं आहे. बेत असा : चार-पाच हजार पोस्टी जमवायच्या, प्रत्येकीवर 'मन वळवणारी' किंवा 'साधी' असा शिक्का मारायचा, त्यावर मॉडेल शिकवायचं आणि वाचकाला पोस्टशेजारी ० ते १०० असा गुण दाखवायचा. माझ्या मते पहिल्या टप्प्याला दोन शिक्के पुरेत. प्रश्न तीन :
१. दोन शिक्के पुरेत की मन वळवण्याच्या तंत्रागणिक वेगळे हवेत?
२. मॉडेल कोणतं घ्यावं?
३. की हा सगळा खटाटोप सोडून (चॅटजीपीटीसारख्या) मोठ्या भाषा-मॉडेललाच विचारावं?
जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वजाबाकी
दोन शिक्क्यांनी काम बिघडेल. 'हात धुवा, नाहीतर आजारी पडाल' हीसुद्धा मन वळवणारीच पोस्ट आहे. समाजमाध्यमावर कुणाचंच मन वळवू न पाहणाऱ्या पोस्टी किती निघतील? शिक्के मारणारे मग नकळत 'मला न पटलेली' आणि 'मला पटलेली' असे दोन ढीग करतात, आणि मॉडेलही तेच शिकतं.

तंत्रांची वर्गवारी जुनी आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा ॲनालिसिसने सात युक्त्यांची यादी केली होती : नावं ठेवणं, चमकदार पण पोकळ शब्द, एकाचं वलय दुसऱ्याला चिकटवणं, नामवंताची ग्वाही, 'मी तुमच्यातलाच', सोयीचे तेवढेच पुरावे मांडणं आणि 'सगळे निघालेत, तुम्हीही चला'. संगणकीय कामाला आकार आला तो २०१९ पासून. त्या वर्षी ४८ वृत्तस्थळांवरच्या ४५१ इंग्रजी लेखांत १८ तंत्रांचे तुकडे हाताने खुणावले गेले, एकूण ७,४८५. त्यातले सुमारे एक तृतीयांश एकट्या भडक शब्दांचे! २०२० च्या सेमएव्हल या भाषा-यंत्रणांच्या स्पर्धेत १८ ची १४ झाली. इतर बदलांबरोबर व्हॉटअबाउटरी (टीकेला उत्तर न देता 'मग त्यांचं काय?' असं उलट विचारणं), बुजगावणं (समोरच्याचं म्हणणं वाकवून त्यावर हल्ला करणं) आणि फाटे फोडणं ही तीन तंत्रं एकत्र केली, कारण सुटी सुटी ती फार कमी सापडत होती. २०२१ ला मीम आली, ९५० मीमवर २२ तंत्रं. २०२३ ला ९ भाषा, २३ तंत्रं आणि त्यांचे ६ मोठे गट.

मराठीसाठी सुरुवात त्या ६ गटांपासून करा : प्रतिष्ठेवर हल्ला, समर्थन, सुलभीकरण, लक्ष विचलित करणं, आवाहन आणि फसवी शब्दयोजना. २३ वर थेट उडी मारलीत तर निम्म्या तंत्रांना पन्नास उदाहरणंही मिळायची नाहीत.

उंटावरचा_शहाणा
धागाकर्त्याने 'माझ्या मते' आणि 'जाणकारांनी प्रकाश टाकावा' एकाच पोस्टीत लिहिलंय. हे कोणत्या गटात टाकायचं? हलकेच घ्या.

शब्दवेधी
वजाबाकींशी सहमत, पण गट ठरले की काम झालं असं नाही. खरी मेहनत खुणा करण्याच्या नियमावलीत आहे. ही पोस्ट घ्या (उदाहरणासाठी रचलेली) :

"जागे व्हा! हे तथाकथित तज्ज्ञ म्हणे आपल्याला वाचवणार. यांचं खरं रूप सगळ्यांना माहीत आहे. आज गप्प बसलात तर उद्या बोलायला कुणी उरणार नाही."

'जागे व्हा!' ही घोषणा, म्हणजे आवाहन. 'तथाकथित तज्ज्ञ' हे नावं ठेवणं. 'सगळ्यांना माहीत आहे' हा लोकप्रियतेचा दाखला, तो समर्थनात जातो. शेवटचं वाक्य भीती घालतं, आणि तेच वाक्य 'हे नाहीतर ते' अशी खोटी निवडही पुढे करतं. चार वाक्यांत किमान पाच खुणा, त्यातल्या दोन एकाच तुकड्यावर. या पोस्टीला एकच शिक्का मारलात तर मॉडेलला कशाबद्दल शाबासकी मिळाली ते कळायचंच नाही.

नियमावलीत प्रत्येक तंत्राची व्याख्या पुरत नाही, दोन तंत्रांमधली सीमा लिहावी लागते. सगळ्यात जास्त भांडण नावं ठेवणं आणि भडक शब्द यांत होतं. चालणारा नियम असा : भावना चाळवणारा शब्द व्यक्तीला किंवा समूहाला उद्देशून नाम म्हणून आला तर नावं ठेवणं ('गद्दार', 'लाचार टोळी'), क्रिया किंवा घटनेला चिकटला तर भडक शब्द ('अमानुष निर्णय', 'लचके तोडले'). दुसरी सीमा तुकड्याची : विशेषण घ्यायचं की नामासकट? ठरवा आणि लिहून ठेवा.

आणि एक नियम पहिल्या पानावर ठळक असू द्या. मजकूर खरा आहे की खोटा हे बघायचं नाही. खरी माहितीही भीती घालून सांगता येते आणि धादांत खोटं अगदी थंड भाषेत. तथ्य-पडताळणी हे वेगळं काम आहे.

रिकामटेकडा
वाखूसा (वाचनखूण साठवली). 'लाचार टोळी' आवडलं, आयडी म्हणून घेतोय.

काथ्याकूट
शब्दवेधी, मनःपूर्वक आभार. 'तथाकथित तज्ज्ञ'वरच अडतंय. ते नावं ठेवणं की शंका पेरणं? आणि 'म्हणे' सोडून दिलंत?

शब्दवेधी
मी ते नावं ठेवण्यात घालतो, कारण लेबल माणसांना लागलंय. 'म्हणे'वर मात्र शंका पेरणं अशी वेगळी खूण करता येईल. दोन्ही मतं टिकतात, म्हणून तर प्राथमिक फेरी लागते.

पद्धत अशी : २०० पोस्टी, तीन जण, एकमेकांशी न बोलता खुणा. मग प्रत्येक तंत्राचा क्रिपेनडॉर्फ अल्फा (खुणा करणाऱ्यांची सहमती मोजणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण सहमती) वेगळा काढायचा. सगळ्यांचा मिळून एकच आकडा काढला तर सोपी तंत्रं अवघड तंत्रांना झाकून टाकतात. क्रिपेनडॉर्फ यांचा सर्वसाधारण दंडक ०.८ चा आणि तात्पुरत्या निष्कर्षांसाठी किमान ०.६६७ चा. शंका पेरणं, बुजगावणं असल्या तंत्रांत पहिल्या फेरीत तुम्ही त्याच्या आसपासही जाणार नाही. जिथे फाटलं त्या पोस्टी समोर ठेवून नियम सुधारायचा, नव्या २०० वर पुन्हा फेरी. जुन्याच २०० वर परत मोजू नका, तिथे उत्तरं आठवणीत असतात. मुख्य कामातही दोघांनी स्वतंत्र खुणा करायच्या आणि तिसऱ्याने मतभेद मिटवायचे. मूळ दोन्ही खुणा जपून ठेवा, फक्त अंतिम निवाडा ठेवू नका.

चष्मिष
एवढं कांडण कशाला? मोठ्या भाषा-मॉडेलला व्याख्या द्या, पोस्ट द्या, उत्तर घ्या. खुणांची फौज, नियमावली, अल्फा-बीटा, सगळं वाचतं. तंत्रांची यादी उद्या बदलली तर फक्त सूचना बदलायची.

टोकन_तोडे
चष्मिष, सूचना देऊन उत्तर मिळतं हे खरं. ते बरोबर आहे हे कशावर तपासणार? त्यासाठी हाताने खुणावलेला संच लागतोच. ५०० पोस्टींचा का होईना. म्हणजे नियमावली सुटली नाही, फक्त प्रमाण कमी झालं.

वापरायचंच असेल तर ठरलेल्या चुका आधीच अडवा :

मॉडेलला अक्षरांची स्थानं विचारू नका, मोजणीत ते हमखास चुकतं. तुकडा जसाच्या तसा उद्धृत करायला सांगा आणि मूळ पोस्टीत तो तुम्ही शोधा. सापडला नाही तर ती खूण रद्द. मॉडेल शुद्धलेखन 'सुधारून' उद्धृत करतं, 'पाहीजे'चं 'पाहिजे' करतं, त्यामुळे जुळवणीआधी दोन्ही बाजू प्रमाणित करा.

'कोणतंही तंत्र नाही' हा पर्याय यादीत पहिला ठेवा आणि नमुना उदाहरणांत निम्मी तरी अशी द्या. नाहीतर विचारलंय म्हणजे काहीतरी असणारच असं धरून ते प्रत्येक वाक्यावर खूण मारतं. ही या कामातली सगळ्यात मोठी तक्रार.

टेम्परेचर ० (म्हणजे उत्तरातली यादृच्छिकता कमीत कमी), आवृत्तीचं पूर्ण नाव आणि सूचनेचा मजकूर, तिन्हीची नोंद प्रत्येक निकालाबरोबर. सेवा देणारा मागच्या मागे आवृत्ती बदलतो आणि मार्चचे आकडे जूनच्या आकड्यांशी ताडता येत नाहीत.

वजाबाकी
टोकन_तोडे +१. शिवाय लाखो पोस्टी चाळायच्या तर छोटं शिकवलेलं मॉडेल वेगात आणि खर्चात कितीतरी पुढे. मोठ्याकडून कच्च्या खुणा, माणसाकडून दुरुस्ती, त्यावर छोट्याचं शिक्षण, ही मधली वाट ठीक. पण परीक्षेचा संच मात्र कच्च्या खुणा न दाखवता, कोऱ्या पाटीवर खुणावलेला हवा. आयती खूण समोर दिसली की माणूस ती खोडत नाही.

खडूस_खडू
सगळे व्याख्यांवर बोलतायत, संदर्भाचं काय? "तेव्हा कुठे होतात?" ही तीन शब्दांची पोस्ट. मूळ पोस्ट टीकेची असेल तर ही नमुनेदार व्हॉटअबाउटरी. मूळ पोस्ट 'काल कार्यक्रमाला आलो होतो, कुणीच दिसलं नाही' अशी असेल तर साधी चौकशी. नुसता मजकूर देऊन हे सुटणार नाही. बुजगावण्याचंही तेच. समोरचा काय म्हणाला ते माहीत नसेल तर त्याचं म्हणणं वाकवलं की नाही हे माणसालाही सांगता येत नाही, यंत्र कुठून सांगणार?

पोस्ट साठवताना एवढं सोबत हवं : ज्याला उत्तर दिलं ती पोस्ट, उद्धृत पोस्ट असल्यास तिचा मजकूर, चित्रावरचा मजकूर, हॅशटॅग, वेळ. मॉडेलला देताना मूळ पोस्ट आधी, मग विभाजक, मग तपासायची पोस्ट. यात एक सापळा आहे. एकूण लांबीची मर्यादा २५६ टोकन (मॉडेल मोजतं ते शब्दांचे तुकडे) ठेवली आणि दोन्ही नुसत्या जोडून दिल्या, की कात्री शेवटाला लागते. म्हणजे जी तपासायची तीच कापली जाते आणि मॉडेल मूळ पोस्टीवर निकाल देतं. दोन्ही जोडी म्हणून द्या आणि छाटणी फक्त पहिल्या भागावर लावा.

उंटावरचा_शहाणा
"तेव्हा कुठे होतात?" हे सगळ्यांना विचारणारे तेव्हा स्वतः कुठे होते, यावर एक सेमएव्हल घ्या.

टोकन_तोडे
मॉडेलच्या प्रश्नाकडे. त्याआधी देवनागरीची साफसफाई, कारण निम्मे बिघाड तिथलेच.

बहुभाषिक बर्ट या भाषा-मॉडेलची अनकेस्ड (लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद पुसणारी) आवृत्ती मराठीला वापरू नका. ती 'ॲक्सेंट' (अक्षराला जोडलेली चिन्हं) काढते, आणि त्या नावाखाली उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं उडवते. काना, वेलांटी, ओ-औचे काना-मात्रे राहतात. 'शत्रू'चं 'शतर' होतं, 'देश'चं 'दश', 'सुटका'चं 'सटका'. चूक कुठे दाखवत नाही, नुसता निकाल खालावतो. केस्ड आवृत्ती घ्या. इंडिकबर्ट या भारतीय भाषांच्या मॉडेलच्या जुन्या आवृत्तीतही ॲक्सेंट राखण्याचा पर्याय स्वतः चालू करावा लागतो.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं मूळ आर-ई मॉड्यूल शब्द शोधताना मात्रांना अक्षर मानत नाही. 'देशद्रोही' हा शब्द 'द', 'शद', 'र', 'ह' असा चार तुकडे होऊन निघतो. रेगेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल वापरा किंवा सरळ रिकाम्या जागेवर तोडा.

'ॲ' हा तीन तऱ्हांनी टंकला जातो : सबंध अक्षर म्हणून, 'अ'वर चंद्र देऊन, आणि मध्ये अदृश्य जोडक घालून. डोळ्यांना एकच, यंत्राला तीन. युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची रीत) यांना एक करत नाही, हाताने नियम लिहावा लागतो. अर्ध्या 'र'चं आणखी नाजूक. 'दऱ्या'मधला अर्धा र काही जण र, हलन्त आणि अदृश्य जोडक असा टंकतात. सगळे जोडक सरसकट काढलेत तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. आधी त्या तिकडीचं रूपांतर 'ऱ' अधिक हलन्त असं करा, मगच देवनागरी अक्षरांमधले जोडक काढा. इमोजींमधले काढू नका, एका कुटुंबाच्या इमोजीचे सुटे सुटे मेंबर होतात.

मॉडेल : सगळं देवनागरीत असेल तर मराठीचं महाबर्ट (एल३क्यूब, २०२२) किंवा भारतीय भाषांचं म्युरिल (२०२१). रोमन लिपीतलं मराठी मिसळलेलं असेल तर म्युरिल, कारण त्याच्या शिक्षणात लिप्यंतरित मजकूरही होता. इंग्रजीच्या खुणा वापरून मराठीवर उडी मारायची असेल तर अनेक भाषांचं एक्सएलएम-आर. सुरुवातीची मापं : शिक्षणदर ०.००००२, बॅच (एका वेळी दिलेली उदाहरणं) १६ किंवा ३२, ३ ते ५ फेऱ्या, पाच वेगवेगळ्या बीजांक-संख्यांवर (यादृच्छिक सुरुवात ठरवणाऱ्या आकड्यांवर) चालवून सरासरी आणि फरक दोन्ही नोंदवा. छोट्या संचावर नुसत्या बीजांक-संख्येने एफ-१ (किती पकडलं आणि पकडलेलं किती बरोबर, यांचा मिळून गुण) दोन-तीन टक्क्यांनी हलतो. एका धावेच्या बळावर 'आमचं मॉडेल सरस' म्हणणाऱ्यांपासून सावध.

रिकामटेकडा
'देश'चं 'दश'. म्हणजे देशभक्ती दशांश उरते.

लेखणी
इंग्रजीतल्या खुणा भाषांतरित करून मराठी संच बनवायचा विचार कुणी करत असेल तर थांबा. मराठीत मन वळवण्याचं बरंचसं काम बारक्या जागी होतं. 'ते म्हणाले'चं 'हा म्हणाला' झालं की न शिवी देता माणूस खाली खेचला. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर उतरणं हा प्रतिष्ठेवरचा हल्लाच आहे, आणि इंग्रजी मजकुरात तो असू शकत नाही, मग भाषांतरात उतरणार कुठून? तसंच शेपटाला चिकटलेला 'च' ('हेच ते', 'त्यांनीच केलं'), उपरोधाचे 'थोर', 'महाशय', 'काय तर म्हणे', 'वा रे वा'. 'महाशयांनी पुन्हा ज्ञान पाजळलं' या वाक्यात भावनादर्शक शब्दकोशाला एकही वाईट शब्द सापडत नाही. उलट 'महाशय' आणि 'ज्ञान' दोन्ही चांगले म्हणून नोंदवलेले असतील.

नियमावलीत आदरार्थी घसरणीची वेगळी खूण ठेवावी असं माझं मत. मोजायला सोपी आहे : एकाच व्यक्तीसाठी त्याच लेखकाच्या इतर पोस्टींत बहुवचन आणि इथे एकवचन.

खडूस_खडू
लेखणी, मुद्दा चांगला, पण एकवचन नेहमीच हल्ला नसतो. आवडत्या खेळाडूला सगळे 'तो'च म्हणतात, जिव्हाळ्याने. आणि 'लेखकाच्या इतर पोस्टी' हव्यात म्हणजे माणसागणिक नोंदवही ठेवणं आलं. ते नको.

लेखणी
म्हणून तर 'घसरण' म्हटलं, नुसतं एकवचन नव्हे. नोंदवही नको असेल तर त्याच पोस्टीतली घसरण बघा : पहिल्या वाक्यात 'साहेब आले', तिसऱ्यात 'याला काय कळतंय'. ती पुष्कळ सापडते.

वजाबाकी
आता पोस्टींची शिकवणी आणि परीक्षा अशी वाटणी करण्याबद्दल. यात घोळ झाला की परीक्षेचे आकडे देखणे येतात आणि प्रत्यक्षात मॉडेल आपटतं.

समाजमाध्यमावरची निम्मीअधिक गंमत 'कॉपी-पेस्ट'ची आहे. तोच मजकूर दोन इमोजी बदलून शंभर जण टाकतात. वाटणी सरधोपट केली तर एक प्रत शिकवणीत आणि दुसरी परीक्षेत जाते. आधी पाच-पाच अक्षरांचे तुकडे पाडून मिनहॅशने (साम्य झटपट अंदाजणाऱ्या पद्धतीने) जवळपास सारख्या पोस्टी गोळा करा. जॅकार्ड साम्य (समान तुकड्यांचं एकूण तुकड्यांशी प्रमाण) ०.७ किंवा ०.८ च्या वर असेल तर तो एक झुबका, आणि अख्खा झुबका एकाच बाजूला. त्यावर लेखकही वेगळे करा आणि परीक्षा-संच नंतरच्या काळातला घ्या.

दुसरा घोळ नावांचा. मॉडेल तंत्र शिकण्याऐवजी 'अमुक नेत्याचं नाव आलं की भडक' असं शिकतं. तपासायला दोन चाचण्या. सगळी व्यक्ती-पक्ष-संस्थांची नावं झाकून पुन्हा परीक्षा घ्या. गुण कोसळले तर मॉडेल नावांवर जगत होतं. आणि तीच वाक्यं 'क्ष'ऐवजी 'य'चं नाव घालून द्या. वाक्य तेच, नाव बदललं आणि निकाल फिरला तर असं साधन लोकांसमोर ठेवायच्या लायकीचं नाही.

चष्मिष
मान्य, मोठ्या मॉडेललाही नाव-बदलाची चाचणी लावायला हवी. पण मग निकाल नेमका किती चांगला अपेक्षित धरायचा? एफ-१ नव्वद?

वजाबाकी
नव्वद विसरा. २०२० च्या स्पर्धेत इंग्रजी बातम्यांवर तुकडे शोधण्यात अव्वल संघाचा एफ-१ पन्नाशीच्या जरा वर होता आणि दिलेल्या तुकड्याचं तंत्र ओळखण्यात साठीच्या जरा वर. तेही संपादित, नीटस गद्यावर. कुणी नव्वद दाखवलं तर आधी त्यांची वाटणी बघा, मग दोनच शिक्के आहेत का ते बघा.

मायक्रो (सगळ्या खुणा एकत्र मोजून) आणि मॅक्रो (तंत्रागणिक काढून सरासरी) दोन्ही एफ-१ द्या. मायक्रोत भडक शब्द आणि नावं ठेवणं सगळं खाऊन टाकतात. व्हॉटअबाउटरी एकदाही ओळखली नाही तरी आकडा फारसा हलत नाही. दुर्मीळ तंत्रांसाठी तोट्याला (शिकताना मोजल्या जाणाऱ्या चुकीला) वजन द्या किंवा फोकल लॉस (अवघड उदाहरणांना जास्त वजन देणारा तोटा) वापरा, आणि सगळ्या तंत्रांना ०.५ चा एकच उंबरठा (खूण मारायला लागणारी किमान शक्यता) लावू नका. विकास-संचावर (शिकवणी आणि परीक्षा दोन्हींपासून वेगळ्या ठेवलेल्या पोस्टींवर) तंत्रागणिक उंबरठा ठरवा. परीक्षा-संचावर ठरवलात तर ती नक्कल झाली.

आणि हा हिशेब एकदा कराच. १०,००० पोस्टी, त्यात २ टक्के व्हॉटअबाउटरी, म्हणजे २००. मॉडेल त्यातल्या ८० टक्के पकडतं : १६०. उरलेल्या ९,८०० पैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून बोट ठेवतं : ४९०. एकूण ६५० बोटं, बरोबर १६०. म्हणजे चारातली एक. 'ऐंशी टक्के पकडतं आणि पाचच टक्के चुकतं' हे ऐकायला झकास वाटतं, वापरणाऱ्याला मात्र चारातल्या तीन खुणा चुकीच्या दिसतात.

काथ्याकूट
हा हिशेब बघून ० ते १०० गुण दाखवायचा बेत डळमळला. विदा (डेटा) कुठून आणायचा तेही सांगा. पूर्वी ट्विटरचा फुकट मार्ग होता असं वाचलं.

निरीक्षक
तो फेब्रुवारी २०२३ पासून आटत गेला. रेडिटनेही त्याच वर्षी पुशशिफ्ट या रेडिट-पोस्टींच्या संग्रहाचा खुला वापर बंद केला, आणि फेसबुकच्या पोस्टींसाठीचं क्राउडटँगल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं. त्याजागी मेटाची कंटेंट लायब्ररी आहे, अर्ज करून, संशोधकांसाठी. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याचं ४० वं कलम मोठ्या मंचांना तपासलेल्या संशोधकांना विदा द्यायला लावतं, पण ते तिथल्या जोखमींच्या अभ्यासापुरतं.

तयार मराठी संचांत महासेंट (२०२१) भावनेचा आणि महाहेट (२०२२) द्वेषाचा, दोन्ही ट्वीटचे. तंत्रांच्या खुणा त्यांत नाहीत, पण खुणा करण्यासाठी कच्चा मजकूर म्हणून किंवा मॉडेलला आधी ट्विटरी मराठीची सवय लावायला चालतील. एक पथ्य : फक्त द्वेषाच्या संचातून पोस्टी उचलल्यात तर मॉडेलला वाटेल मन वळवणं म्हणजे शिव्या देणं. गोड बोलून वळवणारे निसटतील. अर्ध्या पोस्टी तरी शब्दशोधाने नव्हे, यादृच्छिक निवडीने घ्या.

खडूस_खडू
गोड बोलून वळवण्याचा वेगळा विदा इंग्रजीत आहे : रेडिटचं चेंजमायव्ह्यू हे दालन. तिथे मत बदललं की मूळ लेखक उत्तराला 'डेल्टा' देतो, त्यामुळे वळवण्याचा प्रयत्न झाला एवढंच नाही, तो फळला की नाही तेही कळतं. २०१६ पासून त्यावर अभ्यास आहेत. पहिल्या मोठ्या अभ्यासात उत्तरातले शब्द मूळ पोस्टीतल्या शब्दांपेक्षा जितके वेगळे तितकी डेल्टाची शक्यता जास्त निघाली. तंत्र वापरलं आणि परिणाम झाला या दोन वेगळ्या गोष्टी. इथे आपण फक्त पहिली मोजतोय, हे साधनाच्या माहितीपानावर लिहा.

रिकामटेकडा
मराठी संकेतस्थळांवर डेल्टा द्यायची सोय केली तर सर्व्हरवर काडीचा ताण येणार नाही.

टोकन_तोडे
मीमबद्दल कुणी बोललं नाही. टेसरॅक्ट या चित्रातला मजकूर वाचणाऱ्या साधनात मराठीचा विदा आहे, साध्या ठशावर ठीक चालतं. सजावटी अक्षरं, सावली, चित्रावर पांढरा मजकूर असला की मात्रा आणि अनुस्वार गळतात. आधी चित्र दुप्पट मोठं करा, करडं करा, मग उंबरठा लावून काळं-पांढरं. तरीही वरचा आणि खालचा मजकूर उलटसुलट जोडला जातो. चौकटींच्या उभ्या स्थानावरून क्रम लावा. २०२१ च्या २२ तंत्रांतली २० मजकुरात सापडणारी होती आणि दोन फक्त चित्रातली, त्यामुळे नुसत्या मजकुरावरही बरंच काम होतं. पहिल्या टप्प्यात मीम बाजूलाच ठेवलेली बरी.

चष्मिष
० ते १०० कडे परत येतो. गुण नसेल तर वाचकाला दाखवायचं काय? आणि मॉडेलचं कारण दाखवायला अटेन्शनचे (मॉडेलने कोणत्या शब्दाला किती वजन दिलं त्याचे) रंगीत नकाशे चालतील का?

शब्दवेधी
पोस्टीला गुण नको आणि माणसाला तर मुळीच नको. तुकड्याखाली रेघ, शेजारी तंत्राचं नाव आणि एका ओळीची व्याख्या. 'ही पोस्ट ८७ टक्के फसवी' असं म्हणायचा अधिकार मॉडेलला नाही, कारण ते हेतू बघत नाही आणि सत्यही बघत नाही. शिवाय दुसऱ्याची भडक भाषा टीकेसाठी उद्धृत करणाऱ्यालाच शिक्षा होते. अवतरणातला मजकूर आणि स्वतःचा मजकूर वेगळा खुणावायची सोय नियमावलीतच करा. तो तपशील नंतर घुसवता येत नाही. एकत्रित आकडे, जसे अमुक विषयावरच्या पोस्टींत भीतीचं प्रमाण महिन्यागणिक किती, ते खुशाल द्या. तिथेही मॉडेलची चूक विषयागणिक वेगळी असते, म्हणून प्रत्येक विषयातल्या शे-दोनशे पोस्टी हाताने तपासून आकडा दुरुस्त करा.

अटेन्शनच्या नकाशावर विसंबू नका. साधा उपाय : तुकडा झाका, पुन्हा चालवा, शक्यता किती घसरली ते बघा. घसरली नाही तर मॉडेल दुसरंच काहीतरी बघत होतं.

काथ्याकूट
बेत बदलला : ६ गट, तुकड्यांवर खुणा, २०० ची प्राथमिक फेरी, म्युरिल, मीम नंतर. शेवटचा प्रश्न. खुणा तुकड्यांवर आणि एकमेकींवर चढलेल्या असतील तर सहमती मोजायची कशी? अल्फाला तर ठरलेले घटक लागतात.

टोकन_तोडे
दोन रस्ते. सोपा : तंत्रागणिक प्रत्येक अक्षरस्थानाला हो किंवा नाही धरायचं आणि त्यावर अल्फा. दुसरा : गॅमा हे माप (२०१५), जे तुकड्यांची जुळणी आणि तंत्राची जुळणी एकत्र बघतं, २०१९ च्या संचासाठी तेच वापरलं होतं. पायथनमध्ये पायगॅमा-ॲग्रीमेंट आहे.

मोजण्याआधी दोन गोष्टी साफ करा. तुकड्याच्या टोकाची रिकामी जागा, उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह छाटा, नाहीतर नुसत्या '!'वरून खोटे मतभेद दिसतात. आणि खुणा ब्राउझरमध्ये करून पायथनमध्ये मोजत असाल तर स्थानं तपासा. जावास्क्रिप्ट बहुतेक इमोजी दोन घटक मोजतं, पायथन एक. देवनागरीत फरक पडत नाही, त्यामुळे बिनइमोजीच्या पोस्टी बरोबर दिसतात आणि बिघाड लक्षात येत नाही. पोस्टीच्या सुरुवातीला तीन हात जोडलेले असले की पुढची प्रत्येक खूण तीन घरं सरकलेली. साठवताना स्थानांबरोबर तुकड्याचा मजकूरही ठेवा आणि वाचताना दोन्ही जुळतात का ते बघा; न जुळणारी पहिली पोस्ट सापडली की तीत इमोजी आहे का तेच आधी शोधा.